सुखदेवाचं जावळ आणि उकळलेला वस्तरा

…म्हणजे साथ गेली म्हणे! दवंडी पिटली ना, झालं, गेली! तुम्हाला सांगते, मंगळवारी सकाळी आमच्या जानेफळात डफ वाजला, 'ऐका हो ऐका, मानमोडीची साथ गेली हो, आता बाजार भरीन, शाळा भरीन, न्हावी पारावर बसीन होऽऽ' आणि मी दारात उभी, कडेवर अकराव्या महिन्यातलं पोर, मनात म्हणते, अहो पण गेली ती कुठं गेली? मेहकरच्या रस्त्यानं गेली की लोणारच्या? पायी गेली की बैलगाडीत बसून? कोणी पाहिली जाताना? येताना तर एकालाही दिसली नव्हती, मग जाताना बरी दिसली यांना!

आणि गेली कशावरून, तर पाटलांच्या दाढीवरून! हसू नका, खरं सांगते. बंद पाटलांनीच केलं होतं सगळं, तहसिलीतून कागद आला होता, ते शहाणपणाचं केलं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण सात आठवड्यांत दाढी वाढून वाढून गळ्याखाली उतरली, खाजायला लागली, पाटलीणबाई विहिरीवर स्वतः सांगत होत्या, 'माय वं, नुसते खाजवून राह्यले, जेवू बी नाई देत निवांत.' आणि तिसऱ्या दिवशी दवंडी! डॉक्टर आला नाही, कोणी घरोघर जाऊन आजारी माणसं विचारली नाहीत, दाढी खाजली आणि साथ गेली! बाजारासाठी नाही हो, शाळेसाठी तर नाहीच नाही, सगळं उघडलं ते एका न्हाव्यासाठी!

आता तुम्ही म्हणाल, बाई, न्हावी सात आठवडे बसलाच नव्हता, मग त्याच्या वस्तऱ्याला काय होणार? मलाही तसंच वाटलं असतं. पण बंद काय होतं? जिवंतांच्या दाढ्या बंद होत्या. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांचा दहावा कोण बंद करणार? पाटील करणार? तहसीलदार करणार? आमचा कडूबा न्हावी रोज सकाळी धोकटी काखेत मारून नाल्यावर जायचा आणि एकेका घरचे बाप-लेक-भाऊ ओळीनं बसवून डोकी करायचा. तोच वस्तरा, तीच वाटी, वाटीतलं पाणीही बहुतेक तेच. म्हणजे ज्या ज्या घरात मानमोडी शिरली, त्या त्या घरातल्या डोक्यावरून तो वस्तरा फिरलेला. गावात शोधून शोधून एखादी वस्तू काढायची की जिच्या अंगाला सगळ्यांत जास्त साथ लागलीय, तर ती म्हणजे कडूबाचा वस्तरा!

माझ्या शेजारची शालूबाई, माझ्याच वयाची. सोमवारी माझ्याकडून वाटीभर विरजण घेऊन गेली, शुक्रवारी नव्हती. वाटी अजून त्यांच्याच घरी आहे, मी मागायला जात नाही. तिच्या दहाव्याला तिच्या नवऱ्याचं, रामरावांचं डोकं केलं, ते याच वस्तऱ्यानं. आणि आता तोच वस्तरा माझ्या सुखदेवाच्या टाळूवर! जिथं अजून बोट ठेवलं तर आत धकधक लागतं हो! साथ गेली म्हणे… कोणी पाहिली जाताना?

पण आमच्या सासूबाई! मनकर्णाबाई म्हणतात त्यांना गावात, आणि नुसतं नाव घेतलं तरी लोक आवाज खाली करतात. दवंडीवाला अजून वळणावरच होता, तेवढ्यात यांचं ठरलंसुद्धा. 'कोकिळे, आयकलं का वं? न्हावी बसून राह्यला. सुखदेवचं जावळ काढून घेऊ.' मी म्हटलं, आत्याबाई, एवढी काय घाई आहे? 'घाई? अवं अकरावा चालू हाये त्याले! हा गेला तं बारावा, बाराव्यात निघते का जावळ? मंग तिसऱ्या वर्सापर्यंत थांबा लागते. तवरक वेण्या घालशीन का पोट्ट्याले?' मी म्हटलं, घालीन. खरंच म्हटलं! तोंडातून निघून गेलं! पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण माझ्याविषयी मात्र अख्ख्या आळीशी बोलल्या.

मग मी आमच्या ह्यांना कागद लिहिला. हे खामगावला, कापसाच्या जिनात कारकून. चार पानं लिहिली, वस्तरा, दहावे, टाळू, सगळं. उलट उत्तर आलं, अर्धं पान. 'तुला योग्य वाटेल तेच कर. फक्त आईच्या मनाविरुद्ध काही नको.' आता सांगा! मी तो कागद तीनदा वाचला, म्हटलं मधली एखादी ओळ माझी सुटली असेल.

आणि खरं सांगू का, मलाही माझी खात्री नव्हती. सहावीपर्यंत शिकलेय, म्हणून गावात मला 'मास्तरीण' म्हणतात, तेही कौतुकानं नाही. पुस्तकात जंतूंचा धडा होता. डोळ्यांना न दिसणारे, पाण्यात, हवेत, अंगावर, सगळीकडे असणारे, आणि उकळलं की मरणारे. एवढं आठवतं. पण तो धडा परीक्षेला नाही असं बाई म्हणाल्या आणि मी तिथंच पान मिटलं. किती वेळ उकळायचं? कोणते जंतू मरतात? मानमोडीचे मरतात की नुसते खोकल्याचे मरतात? ते सगळं पुढच्या पानावर असणार! अर्ध्या धड्यावर मी अख्ख्या गावाशी भांडायला निघालेली, कोणत्या तोंडानं? कधी कधी वाटायचं, मीच वेडी आहे. बाकी सगळ्यांना दिसतंय साथ गेलेली, मलाच दिसत नाही.

तर रविवार धरला. सुलतानपूरहून माझा दादा आला, वामनराव, कारण जावळाला मामाची मांडी लागते. नणंद आली, आळीतल्या बाया आल्या, शेजारचे भगवानराव आले, ते खोकत आले आणि येता येताच म्हणाले, 'हा तमाकूचा खोकला हाये बरं, घाबरू नोका.' साथीत ज्याला त्याला तंबाखूचाच खोकला होता! आणि कडूबा आला. ओट्यावर बसला, धोकटी सोडली, वस्तरा काढला, आणि मी ओट्यावर सगळ्यांदेखत म्हटलं, कडूबा, आधी हा वस्तरा उकळायचा.

मग मामंजी, उकंडराव, ते सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, 'सूनबाई, वस्तरा हाये तो. शेंगा नाईत.' झालं! सगळे हसले. भगवानराव हसता हसता खोकले. नणंद म्हणते, 'वहिनी, मीठ किती टाकता?' दादा, माझा सख्खा दादा, 'कोके, लहानपणापासून अशीच आहेस तू.' मी म्हटलं हसा, पण उकळल्याशिवाय माझं पोर मांडीवर देणार नाही, जावळ करा मग नुसत्या मांडीचं!

मला वाटलं कडूबा चिडेल. धंद्याचं हत्यार ते, त्याला नावं ठेवली मी चारचौघांत. म्हातारा वस्तरा हातात धरून बसला होता. म्हणाला, 'सूनबाई, उकयलं तं धार जाते.' मग वस्तरा माझ्यापुढं धरला. 'पन जाऊ द्या. अडतीस डोस्की केली म्या ह्या साथीत. पोरंबी केली, बापाच्या नावानं. एकबी डोस्कं खुशीचं नव्हतं. हे पयलं हाये. तुमी म्हनसान तसं करू.'

माझा सगळा राग एकदम कुठं ठेवावा ते कळेना हो. आत्तापर्यंत मी याच माणसाला मनातल्या मनात किती बोलले होते!

पण राग ठेवायला जागा लगेच मिळाली. पाणी उकळायला पातेलं, आपला गंज हो, मागितला, तर सासूबाई चुलीच्या आडव्या उभ्या! 'माह्या भाताच्या गंजात न्हाव्याचा वस्तरा? माह्या?' शेवटी गोठ्यातून बैलांची सरकी शिजवायचा गंज आणला, अंगणात तीन दगड मांडले, गोवऱ्या लावल्या, फुंकून फुंकून डोळे गेले माझे, पाण्याला उकळी आली, वस्तरा टाकला, कातर टाकली, नखं काढायची नराणी टाकली, शंभरपर्यंत दोनदा मोजलं. शंभर का? पुढच्या पानावर असेल! वस्तरा काढून धुतलेल्या फडक्यावर ठेवला आणि आत गेले सुखदेवाला आणायला. आत जाऊन बाहेर यायला कितीसा वेळ लागतो? त्याला उचललं, दुपटं बदललं, बाहेर आले…

मामंजींची अर्धी दाढी झालेली!

मी म्हटलं, मामंजी! ते म्हणतात, 'उकयलेला हाये म्हनून बसलो. सात हप्त्याची हाये, सूनबाई. तू तं साफच करून ठिवला होता!' म्हणजे बघा, उकळण्याला हसले ते हेच, आणि उकळल्यावर पहिले बसले तेही हेच! अर्धी दाढी काही तशीच ठेवता येईना, ती पुरी झाली. मी पुन्हा गंज. पुन्हा गोवऱ्या. पुन्हा शंभर दोनदा. सासूबाई बाजूनं गेल्या आणि जाता जाता पाण्यात चिमूटभर हळद टाकली. विचारलं, हे काय? 'तू तुहं पुस्तकातलं टाकलं, म्या माहं टाकलं.' वस्तरा पिवळा निघाला! तो पुसून ठेवते आहे, तोच सुखदेव आत रडला, मी गेले, परत आले…

दादा! माझा दादा डोकं वाकवून बसलेला, मानेवर नुकताच वस्तरा फिरलेला, आणि त्याच्या शेजारी भगवानराव, पाय पुढं करून, कडूबा त्यांच्या अंगठ्याचं नख काढतोय, उकळलेल्या नराणीनं! मी म्हटलं, कडूबा, तुम्हीसुद्धा? तो बिचारा म्हणतो, 'मी काय करू, सूनबाई, हे बसतात तं!' भगवानराव म्हणतात, 'सात हप्त्याचं नख हाये वं, जोड्यात जात नोव्हतं.' आणि बाहेर फाटकाशी आणखी तिघे उभे! आळीभर बातमी गेली होती, उकंडरावाकडं उकळलेला वस्तरा आहे म्हणून! ज्या गावाला साथ गेल्याची एवढी खात्री होती, त्या गावाला उकळलेलाच वस्तरा पाहिजे होता! मग गेली होती ना साथ? पाटलांनी सांगितलं होतं ना?

तिसऱ्यांदा मी हललेच नाही. सुखदेव नणंदेकडं, आणि मी गंजापाशी चिमटा हातात धरून, जो जवळ येईल त्याच्यावर उगारीत. दादाला म्हटलं, तूही आधी हात धू, मानही धू, मग मांडी घाल. धुतली त्यानं. घाबरला होता. वस्तरा चिमट्यात धरून मी स्वतः कडूबाच्या हातात दिला, त्याचेही हात त्याच्याआधी धुवायला लावले, आणि मग माझं पोर मामाच्या मांडीवर गेलं.

खरं सांगते, कडूबानं असं जावळ काढलं… एक ओरखडा नाही. पोर आधी कळवळून रडलं, मग त्या पाण्याच्या हाताखाली गप्प झालं, डोळे मोठे करून बघत राहिलं. नणंद पदर पसरून केस झेलत होती. म्हातारा काहीतरी पुटपुटत होता, मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, जिंकले. एक वस्तरा का होईना, या गावात स्वच्छ झाला.

आणि कडूबानं वस्तरा मिटला मात्र, सासूबाईंनी पोर उचललं आणि त्या गुळगुळीत डोक्याचा पटापट मुका घेतला. मग नणंद. मग दादा. मग आळीतल्या बाया, एकामागून एक, 'माय वं, काय चमकून राह्यलं!' हातोहात पोर पुढं, टाळूवर मुका, गालावर मुका, आणि शेवटी भगवानराव! खोकून घेतलं, तोंड पुसलं, आणि डोक्याच्या अगदी मध्यावर! मी ओरडले, अहो, वस्तऱ्यातूनच जाते असं नाही, श्वासातून जाते, हवेतून जाते, दूर धरा, दूर! तर सगळे माझ्याकडं असे पाहू लागले, जसं मी नदीला आग लागली म्हणाले.

तर आज आठवा दिवस. सुखदेव ठणठणीत. मामंजी ठणठणीत. भगवानराव खोकतात, पण खोकूनही ठणठणीत. आणि मला काल सकाळी शिंका आल्या. दोन! अहो, थंडी पडलीय, सकाळी अंगण झाडताना धूळ उडते, शिंक येणार नाही का माणसाला? पण सासूबाईंनी पाहिलं, आणि सुखदेवाला माझ्या मांडीवरून असं उचललं जसं मी पेटलेली गोवरी. 'तिकडं सरक बाई. हवेतून जाते म्हने नं ते? तूच सांगून राह्यली होती नं सर्व्यायले?' मी म्हटलं, आत्याबाई, पण साथ तर गेली ना? पाटलांनी सांगितलंय! तर म्हणतात, 'पाटलाच्या घरात हाये का अकरा महिन्याचं लेकरू?'

माझंच म्हणणं हो! शब्द न् शब्द माझा! एवढ्या गावात एका तरी माणसाला ते अखेर पटलं.

म्हणून तर बसलेय मी, कालपासून, गोठ्याशेजारच्या खोलीत.