विस्तवाशिवायची ऊब

आमच्या धाकट्या भावजींना नावं ठेवू नका हं, त्यांच्या हाताला गुण आहे, हे मी अजूनही म्हणते. पौषातली थंडी म्हणून त्यांनी जुन्या जीपला घरीच हीटर बसवला. बंद डब्यात घट्ट तेल, आणि त्यात इंजिनाच्या बेल्टवर गरगर फिरणारी चकती. घुसळून घुसळून तेल तापतं, मग पंखा ती ऊब आत सोडतो.

मला धास्ती वेगळीच होती. लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं, तर विस्तवाची धग न लागलेल्या लोण्याचा गोळा बाळकृष्णाला वाहीन, असा माझा नवस. तो फेडायलाच आम्ही रामनगरहून कॅसलरॉककडच्या देवळाला निघालो होतो.

"भावजी, ह्यात विस्तव न्हाई न्हवं?"

"ठिणगीसुद्धा न्हाई वैनी. नुसतं घुसळायचं. तुम्ही लोणी काढता तसंच की."

मी निर्धास्त झाले. लोण्याचा गडू पायाशी ठेवला, आणि त्या उबेत माझा छान डोळा लागला.

देवळापाशी झाकण काढलं, तर आत पिवळं पाणी डुलत होतं. मला रडूच आलं.

पुजारीकाका गडूत डोकावले. "विस्तव लागला न्हाई न्हवं? मग नवस शाबूत हाय. पण देवाला गोळा पायजे. बाहेर गारठ्यात ठेवा, धरंल."

मग आम्ही सगळे देवळाच्या अंगणात कुडकुडत बसलो, आणि भावजी अंगातला स्वेटर काढून त्यानं लोण्याला वारा घालत होते.