दर खेपेला पहिली खेप

परेश : म्हणजे आज आपण दोघंबी रांगेतच. मी ट्रेलर घेऊन गोडाऊनच्या गेटवर, तू घरात कॉम्प्युटरपुढं.

मृणाली : दादूस, थट्टा नको. चारला मीटिंग आहे. तोवर वेग आला नाही तर सर माझं काम प्रोग्रामातून काढून टाकणार. अख्खा पावसाळा लिहीत बसले होते मी ते.

परेश : पण काल बोललीस, चालतंय.

मृणाली : रांगतंय. ऐक, नेटवर दोन मशीन बोलतात तेव्हा छोटी छोटी पॅकेट येत राहतात. कुणाला कुठे सोडायचं ते आमचा प्रोग्राम ठरवतो. पहिलं पॅकेट आलं की सगळे नियम तपासायचे. तो हळू रस्ता. मग निकाल लक्षात ठेवायचा आणि त्याच बोलण्यातली पुढची पॅकेट जलद रस्त्याने थेट सोडायची.

परेश : मग?

मृणाली : माझी सगळीच हळू रस्त्याने जातायत.

परेश : तुजा वॉचमन झोपतोय.

मृणाली : चाचणीत चांगला जागा होता!

परेश : माजी गाडी गॅरेजात, म्हणून दोस्ताची, केतनची आणली. आता हा वॉचमन गुणाजी, हळदीला माज्या मांडीला मांडी लावून जेवलेला, तो गेटवर बोलतो, नवीन गाडी हाय, सगळे कागद तपासणार.

मृणाली : तोंड ओळखत नाही?

परेश : नंबर ओळखतो. एकदा गाडी तपासली की पुढच्या खेपेला नुसता हात करतो.

मृणाली : गाडीचाच नंबर ना? कंटेनरचा नाही?

परेश : कंटेनर दर खेपेला दुसरा, बाय. तो धरला तर जल्मभर पहिलीच खेप.

(मृणालीच्या बाजूने कीबोर्डची खडखड.)

परेश : हॅलो? काय बडवतेस?

मृणाली : मी कंटेनर धरलाय.

परेश : काय?

मृणाली : ओळख म्हणून मी पॅकेटवरचा सगळा मजकूर उतरवून ठेवते. कुठून आलं, कुठे चाललं, आणि त्याचा अनुक्रमांकसुद्धा. तो प्रत्येकाचा वेगळा. म्हणून प्रत्येक पॅकेट नवीनच वाटतं!

परेश : मग चाचणीत कसा जागा होता?

मृणाली : चाचणीत मी एकच पॅकेट परत परत पाठवत होते. अनुक्रमांकासकट.

परेश : शिकलेली गो माजी बाय!

मृणाली : गप. अनुक्रमांक वगळतेय... चालू केलं. पहिलं हळू. दुसरं... जलद. तिसरंही. दादूस, सुटली सगळी!

परेश : किंचाळू नको, आईला वाटंल इंचू चावला. सरांना कळव आधी.

मृणाली : कळवलं. थांब, लिहितायत... 'ठेवूया.'

परेश : एवढंच?

मृणाली : एवढंच हवं होतं.

परेश : आता जेव. आईनं जवळा केलाय.

मृणाली : तुझी रांग?

परेश : हाय अजून. ठेव तू फोन.

मृणाली : राहू दे चालू. तुझी तर पहिलीच खेप आहे.