हॉलमध्ये वाळत घातलेल्या चादरी

चहा घ्या गं, पण मला आज धड बसवत नाहीये. आमच्या नव्या हॉलमध्ये नुसती फरशी आणि उघड्या भिंती. आवाज इतका घुमतो की सासूबाईंना एक शब्द उमगत नाही. आज गच्चीवर रंगकाम, म्हणून धुतलेल्या आठ चादरी मी हॉलमध्येच दोरीवर टाकल्या. मग बहिणीला फोनवर निवांत म्हटलं, "म्हातारीनं जीव नकोसा केलाय गं."

त्या चादरींनी सगळं घुमणं गिळलंय, हे ध्यानातच आलं नाही.

चादरींच्या पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आज लई सपष्ट ऐकू येतंय की!"

मी घाबरून चादरी ओढू लागले.

"ऱ्हाऊ दे त्या. सांजच्याला माझा ल्योक येऊन काय बोलतोय, तेबी ऐकायचं हाय."