फोटोतला तिसरा माणूस

कमानिया गेटजवळच्या करसल्लागाराकडे कुंदाताई बाकावर आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. समोरचं बोलणं कानावर पडत होतं.

"अंबादासजी, मंदीत ज्यानं एकही कारागीर काढला नाही, त्यालाच करात सूट आहे. तुमचं दुकान तर आत्ता उघडलं."

"काहून उघडलं, ते विचारा ना, भय्यासाहेब. भेडाघाटच्या शेठकडे बावीस वर्षं मूर्ती घडवल्या. दिवाळीत घरी बसवलं त्यानं."

"अच्छा. अर्ज कसा असतो, हा नमुना पाहून घ्या. मीच भरला, परवा मंजूर झाला. सगळे कारागीर कामावर आहेत, म्हणून फोटोही जोडले."

"हा तिसरा मी आहे."

"जुना असेल फोटो."

"फोटो जुना, पण खाली तारीख मागच्या महिन्याची आहे. मला घरी बसवलं, अन् माझ्या नावावर सूट शेठला?"

"चलो, फाइल द्या इकडे. तुम्ही हे काही पाहिलं नाही."

"ठीक आहे, मी नाही पाहिलं. पण हा फोटोतला तुमच्याकडेच पाहून राहिला, साहेब. त्याला काय सांगता?"

भय्यासाहेबांनी फाइल मिटली.

"पुढे कोण आहे?"

कुंदाताई जागच्या हलल्या नाहीत.