आधी टाचून बघ

सोलापूर स्टँडवर मैंदर्गीची बस कधी, ते मागे विचारून थांबलेल्या वयस्कर लीलाताईंच्या मागच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या.

"ऋतुजा, सारका फोन काय बगतीस गं?"

"काँप्युटरच्या फायलींना ठिगळ लावायच्या प्रोग्रामची मराठी माहिती लिवलीय की मी. एका कमांडपायी तपासणाऱ्यांनी दोनदा परत पाठवली. आज शेवटचा निकाल."

"कसली कमांड?"

"फाइल न बदलता ठिगळ नुसतं लावून बघायची. ह्या वेळी तुझंच वाक्य घातलं, आई. वाकळ शिवताना म्हणतीस ते."

"आदी टाचून बग, बसलं तरच शीव?"

"व्हय... आई! घेतलं! जसंच्या तसं!"

"माजं नाव घातलंस का?"

"घातलंय की. मथुराबाई."

"मग मोट्यांदा वाच. फुडच्या आजी कवाच्या कान देऊन बसल्यात. त्यांची मैंदर्गीबी गेली."