गडाच्या दारात शिट्टी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मासविंगोत मिनीबसच्या रांगेत उभ्या होतो. मागे ग्रेट झिम्बाब्वेचा डोंगरी गड बघून आलेल्या दोन मैत्रिणी होत्या.

“दारात टाळ्या वाजवून पूर्वजांची परवानगी घेतात, रुम्बी. तू शिट्टी मारलीस!”

“मग काय केलं त्यांनी?”

“बूट ठेवून घेतला तुझा.”

“दगडांत अडकला तो, नेत्साई.”

“शेकडो वर्षं न हललेले दगड तुझ्या पायासाठी सरकले होय?”

“आणि तू? परवानगी घेऊनही अर्ध्यातच बसलीस!”

“बसायचीच मागितली होती.”

आई हसत मला म्हणाली, “आपणही जाऊ गं. टाळ्या मी वाजवीन, शिट्टी तू मार.”

“बघू,” मी म्हणाले.

आज गडाच्या दारात टाळ्या मलाच वाजवाव्या लागल्या. मग मी मोठ्याने म्हणाले, “चल, आई.”