पाठराखीन आली आन राहून गेली

मी मूळची जामनेरकडची. मी चार वर्षांची व्हती तवा आई गेली, बाप रानात जाये, मंग आत्यानं मले आपल्या घरी नेलं, आन तिची मंगल आन मी, आम्ही दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालो. मंगल माझ्याहून वर्षानं लहान, पन अक्कल तिलेच जास्त. मी दहावीले शाळा सोडली, कापूस येचाले जाऊ लागली, ती शिकत गेली, बारावी सायन्स झाली. तिले नर्स व्हायचं व्हतं. गल्लीत कोनाले खरचटलं तरी पट्टी बांधाले मंगल, लहानपनापासून तसंच.

माझं लग्न जमलं नरडाण्याले. नवरा तिथं कंपनीत, नुकताच लागलेला. आमच्यात नवरीसंगे पाठराखीन देतात, नव्या घरी तिले एकटं वाटू नये म्हनून, तीन दिवसांनी माहेरून मूळ, म्हंजे न्यायाले मानूस, येतं आन दोघीले घेऊन जातं. माझ्यासंगे जायाले मंगलशिवाय व्हतं कोन. गाडीत बसली तं मांडीवर एक निळी फाईल. मी म्हटलं हे काय, तं म्हने काही नाही, माझे कागद आहेत.

सासूबाई मायाळू, पन त्यांची बोली अहिरानी, आमची वेगळी, मले अर्धं समजे अन् अर्धं नाही. मंगल दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासंगे त्यांच्यावानी बोलू लागली. तिले सगळं येतं पाहा.

तिसऱ्या दिवशी मले ताप भरला. साधा नाही, काय सांगू तुम्हाले, हळद अंगावरची गेली नव्हती आन मी धुळ्याच्या दवाखान्यात. टायफॉईड. नवऱ्याले नवीन कामावर सुट्टी नाही, सासूबाईचे गुडघे धरलेले. बाप मूळ म्हनून आला, माझ्याकडे पाहून रडाले लागला, तं मंगल त्याले म्हने, मामा, तुम्ही जा, मी आहे इथं.

आन मंग ती शुक्रवारची सकाळ. मले तेवढीच आठवते, बाकी सगळं धुकं. मंगल न्हाऊन, वेणी घालून, नवा ड्रेस घालून खाटेजवळ उभी, हातात ती फाईल, म्हने मी जळगावले जाऊन येते, सासूबाई बसतील तोवर. मले वाटलं ही मले टाकून घरी चालली. मी तिची ओढनी धरली, मुठीत घट्ट, आन म्हटलं जाऊ नको, मंगल, जाऊ नको. तिनं एकदा फाईलकडं पाहिलं. मंग म्हने, नाही जात. फाईल उशाखाली सारली आन बसली.

बावीस दिवस राहिली ती. मले उचलून बसवे, चमच्यानं पेज पाजे, माझे केस गळाले लागले तं मी रडू नये म्हनून विंचरता विंचरता गळलेले आपल्या मुठीत लपवे. सासूबाई सगळ्या वॉर्डाले सांगत, हाई पोर नही राहती ते मनी सून वाचती नही, म्हंजे ही नसती तं माझी सून वाचली नसती.

नरडाण्याले घरी आलो, दवाखान्यात नेलेली गादी झटकताना ती फाईल पडली. कागद मी वाचला. नर्सिंगच्या प्रवेशाची कागदपत्र तपासनी, जळगावले, त्याच शुक्रवारची तारीख, गैरहजर राहिल्यास जागा रद्द. मी तिले विचारलं, तू मले सांगितलं का नाही? तं शांतपने म्हने, सांगितलं असतं तं तू ओढनी सोडली असती, मंग मले जावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा फॉर्म भरला, यादीत नाव लागलं नाही. तिच्या बापानं पाचोऱ्याकडं स्थळ पाहिलं, लगीन करून दिलं. आता ती तिथं गावात सरकारी दवाखान्याची आशा सेविका आहे. बाळंतपनाची बाई गाडीत घालून तालुक्याले नेते, सासवा तिले घाबरतात, सुना तिच्यापाशी मन मोकळं करतात. मी अभिमानानं सांगते सगळ्याईले. पन एकदा आमच्याकडे एका लग्नात एक नर्स पाहुनी आली, मंगल तिच्यापाशी किती वेळ बसली, ड्युटी कशी असते, ऑपरेशनले कोन उभं राहतं, इचारत राहिली लेकरासारखी. मी पोळ्या लाटत ऐकत व्हती. त्या दिवशी मले जेवन गेलं नाही.

औंदा नणंदेच्या पोरीचं लगीन झालं. सगळे म्हने पाठराखीन म्हनून तुझी रूपाली पाठव, सतरा वर्षांची आहे, शोभेल. मी पहिलं पोरीले विचारलं, तुझं काही आहे का त्या दिवसात. म्हने सोमवारी पेपर आहे, पन मी जाते, आई. मी म्हटलं, नाही. मीच गेली. करवल्याईच्या गाडीत अर्धे केस पांढरे झालेली पाठराखीन, पोरी हसल्या, हसू दे.

मंगलले फोनवर सांगितलं तं ती बी लय हसली. मंग मी बोलाले गेली, मंगल, त्या शुक्रवारचं... तं म्हने, भाजी काय केली आज? दर वेळेले असंच. एकोणीस वर्षं झाली, ती मले माफी मागू देत नाही. तं मी बी आता मागत नाही, काय भाजी केली ते सांगते. देवानं तिच्या हाताले यश द्यावं, तिच्या लेकराईले तिच्यावानी मन द्यावं आन तिनं मांगलं ते बी द्यावं. एवढंच मानसाच्या हातात आहे, दुसरं काय.